दिव्याचा नंबर

डायनॅमोची सायकल ज्यानं कधी चालवली नाही त्याला वीज कळली, असं मी मानत नाही. तो कितीही शिकलेला असो. पुढे शाळेत शिकवायला लागल्यावर शिक्षकांच्या खोलीत मी हे एकदा बोलून बसले, तेव्हा गणिताच्या सरांनी "म्हणजे आम्ही अडाणीच की" म्हणत चहा अर्धा टाकला होता. टाकू देत. माझं मत पुस्तकातलं नाही, वरठीच्या रस्त्यावरचं आहे, आणि ते बदलावं असं मला अजून वाटलेलं नाही.

आमचं गाव वरठीपासून दोन-अडीच कोसांवर. ही गोष्ट ऐंशीच्या आगेमागे घडली. गावातले बरेच जण वरठीच्या कारखान्यात फर्स्ट शिफ्टला जायचे, त्यांत माझे बाबा. घरी धानाची शेती होती, पण खाण्यापुरती; बाकी घर बाबांच्या नोकरीवर चालायचं. मी नागपूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. वसतिगृहाचं नाव काढलं की माय म्हणायची, "पोरीले तिकडं ठेवनं मले जमत नाई." त्यामुळे रोजचं जाणं-येणं. वरठीहून सकाळची पॅसेंजर पकडायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परतायचं. गावातून वरठीला त्या वेळी एसटी नव्हती. बाबा शिफ्टला निघाले की मी त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसायची. शिफ्ट सुटल्यावर ते घरी न येता वरठीलाच कोणाच्या तरी ओसरीवर वेळ काढायचे, आणि माझी गाडी आली की दोघं मिळून परत. माझं सगळं शिक्षण त्या कॅरिअरवर टेकलेलं होतं. घरात कोणी तसं बोलून दाखवत नव्हतं, पण माहीत सगळ्यांना होतं.

पहाटे निघायचं म्हणजे अंधारातच. थंडीत तर धानाच्या बांध्यांवर धुकं इतकं उतरायचं की रस्ता आणि शेताचा धुरा वेगळा ओळखू येत नसे. सगळे सायकलवाले गावाबाहेरच्या वडाखाली जमायचे आणि रांगेनं निघायचे. प्रत्येकाच्या सायकलला डायनॅमो होता, पण दिवा लावायचा फक्त सगळ्यांत पुढच्यानं. त्याच्या उजेडावर बाकीची रांग. आज पुढे कोण, हे ठरलेलं असे. त्याला दिव्याचा नंबर म्हणायचे. निघायच्या आधी कोणीतरी विचारणारच, "आज नंबर कोनाचा?" ज्याचा असेल तो काही न बोलता सायकल पुढे काढायचा. पुढच्यानं "खड्डा!" म्हटलं की मागचा "खड्डा!" म्हणायचा, त्याच्या मागचा पुन्हा, असा तो एकच खड्डा शेवटपर्यंत पोचायचा. शेवटचा माणूस मधून मधून घंटी वाजवायचा, म्हणजे मागे कोणी सुटलं नाही हे पुढच्याला कळावं.

सगळ्यांनी आपापला दिवा का लावू नये, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. एक काका म्हणाले, "डायनॅमो टायर खाते ना बाई." दुसरे म्हणाले, "अन् सायकल जड जाते." मला तेव्हा हसू आलं. टायरला लागलेलं एवढंसं चाक, ते काय जड जाणार! कॉलेजात जाणाऱ्या पोरीला असलं हसू फार लवकर येतं.

बाबांच्या मागे मी बसलेली असायची, म्हणजे त्यांची सायकल एरवीच दुप्पट ओझ्याची. म्हणून त्यांचा नंबर आला की लोक म्हणायचे, "भाऊ, तुमचा नंबर राहू द्या, आमी घेतो." बाबांना ते खपत नसे. "पोरगी मांगं बसते म्हनून मी उजेड फुकटचा घेऊ का?" असं म्हणून ते सायकल पुढे काढायचे. तसे ते कमी बोलणारे. पण मिजास होती, आणि ती मला आवडायची.

अडचण एवढीच, की बाबांचा दिवा म्हणजे नावाचा दिवा. मिणमिणता, पिवळा. त्यांचा नंबर असला की रांग हळू चालायची आणि मागून टोमणे यायचे. "भाऊ, दिवा लावला का उदबत्ती?" बाबा हसून सोडून द्यायचे. मला मात्र राग यायचा. डायनॅमो म्हातारा झाला आहे, असं सायकल दुरुस्त करणाऱ्यानं सांगितलं होतं आणि नवा घ्या म्हणून मागे लागला होता.

त्या वर्षी कॉलेजात आमचे रोधाचे प्रयोग चालले होते. विजेचा दाब तोच ठेवायचा, तारेचा रोध बदलायचा आणि विजेची धारा किती कमी-जास्त होते ते पाहायचं. तारेचं टोक नीट घासलं नाही तर मीटरचा काटा हवा तिथे जातच नसे. सर म्हणायचे, आधी टोक घासा, मग डोकं. एका रविवारी मी बाबांची सायकल अंगणात उलटी केली आणि डायनॅमोपासून दिव्यापर्यंत तार हातानं चाचपत गेले. तार एकच होती. वीज जायला एक वाट लागते तशी परत यायलाही लागते, आणि सायकलीत ती परतीची वाट म्हणजे सायकलचं लोखंड. डायनॅमो ज्या पट्टीनं दांडीला आवळलेला असतो तिथून ती परत आत शिरते. आणि नेमक्या त्या पट्टीखाली रंग होता.

रंग कुठून आला? तर दसऱ्याचा. कारखान्यातले आमच्याकडचे लोक दसऱ्याला सायकलची पूजा करायचे, आणि पूजेआधी बाबा सायकलला हिरवा ऑइलपेंट मारायचे. मारायचे म्हणजे अगदी मनापासून. डायनॅमो काढायचा, खाली रंग लावायचा, वाळला की पुन्हा बसवायचा. पुढच्या दसऱ्याला पुन्हा एक हात. वर झेंडूची माळ. इतक्या वर्षांच्या भक्तीचे थर विजेच्या वाटेत बसले होते. सायकल पूजेला चकचकीत आणि दिवा उदबत्ती, असा तो प्रकार.

मी जुन्या ब्लेडनं पट्टीखालचा रंग खरवडला, लोखंड पांढरं होईपर्यंत वाळूनं घासलं आणि पट्टी करकचून आवळली. दिव्याच्या बाजूलाही तेच केलं. बाबा बांबूच्या कामठ्यांच्या टोपलीला गाठ मारत बाजूला बसले होते. "दसऱ्याचा रंग कायले काढून राहिली?" म्हणाले. मी म्हटलं, "दिसत नाही बाबा तिथं. देवाले चालते." मग चाक फिरवलं. दिवा असा लागला की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी वडाखाली काय कौतुक! बाबांचा नंबर नव्हता, पण त्यांनी दिवा मुद्दाम लावून दाखवला. "अरे, मोटारसायकल आली का काय!" कोणीतरी ओरडलं. बाबा एकेकाला सांगत होते, "पोरीनं केला. रंग खरडला अन् झाला." मला कानापर्यंत गरम वाटत होतं, थंडी असून. आणि मग ते झालं जे आमच्याच लोकांकडून होऊ शकतं. सगळ्यांत चांगला दिवा भाऊचा, म्हणजे मान भाऊचा. म्हणजे भाऊनं रोज पुढे चालायचं. नंबर मोडला. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. उलट बाबांना मोठेपणा दिला असंच सगळ्यांना वाटलं, आणि बाबांनाही. नवरदेवासारखे ते रोज रांगेच्या पुढे निघू लागले, मागे मी.

पहिले काही दिवस मजेत गेले. मग मला बाबांचा श्वास ऐकू यायला लागला. कॅरिअरवर बसलं की माझा कान त्यांच्या पाठीशी यायचा. आमच्या रस्त्यात एक नाला होता. रस्ता उतरून पुलावर जायचा आणि पलीकडे चढायचा. आधी रांगेच्या मधे असताना बाबा उतारावर सायकल सोडून द्यायचे, आणि त्या वेगातच अर्धा चढ निघून जायचा. फुकट मिळालेली गती ती. पण पुढे असताना तसं करता येत नसे. खड्डा, बैल, गाडी सगळं आपणच आधी पाहायचं, म्हणून उतारावर ब्रेक. आणि मग चढाला शून्यापासून सुरुवात. चढाच्या निम्म्यावर त्यांच्या पाठीतून घरघर यायची. डायनॅमो मागच्या चाकाला होता, माझ्या हाताशी. मी म्हणायची, "बाबा, काढू का?" ते म्हणायचे, "राहू दे. मांगचे लोक येऊन राहिले."

एकदा वर्गात सरांनी विचारलं, डायनॅमो लावला की सायकल जड का जाते? आम्ही सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, घर्षण. सर म्हणाले, थोडं घर्षण, पण सगळं नाही. दिवा काढून ठेवा आणि मग फिरवून बघा. मी घरी येऊन तेच केलं. सायकल स्टँडवर लावून पायडल हातानं फिरवलं. दिवा काढला, की डायनॅमो लागलेला असूनही चाक बऱ्यापैकी हलकं. दिवा बसवला, की हाताला कोणीतरी उलटं ओढतंय असं जाणवायचं. वीज जितकी घ्यावी तितकी ती चाकाला मागे ढकलते. रंगाच्या थरांनी धारा अडवली होती तेव्हा उजेडही कमी होता आणि ओढही कमी. मी रोध काढला, धारा वाढली, उजेड वाढला, आणि तेवढा भार बाबांच्या पायांवर गेला.

आकड्यात पाहिलं तर तो भार काही फार नसतो. धडधाकट माणसाला कळायचाही नाही. पण मागे एक पोरगी, समोर चढ आणि छातीत आधीच घरघर, अशा माणसाला तो कळतो. मी अपराध्यासारखी रडत बसले नाही. रंग काढण्यात माझं काही चुकलं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. चुकत असेल तर ज्याचा दिवा चांगला त्यालाच रोज राबवायची रीत चुकत होती. पण भीती वाटली. फार भीती वाटली.

मी बाबांना सगळं समजावून सांगितलं. धारा, रोध, ओढ, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मंग त बराबरच आहे. उजेड का फुकट भेटते?"

"मग पुन्हा नंबर लावा," मी म्हटलं. "नाहीतर मी त्या पट्टीखाली परत रंग लावते."

आयुष्यात फार थोड्या वेळा ते माझ्यावर चिडले, त्यातली ही एक. "तू चांगला केलेला दिवा मी खराब करू? लोकायले काय सांगू? पोरीचं शिक्षन उतरलं म्हनून?"

त्यांना दिवा नको होता, त्यांना 'पोरीनं केला' हवं होतं. मायला सांगितलं तर ती एकाच वाक्यात कॉलेज बंद करणार हे ठरलेलं. मी तिला काही कळू दिलं नाही आणि रोज पहाटे त्यांच्या पाठीला कान लावून बसू लागले.

पौषातली पहाट होती. नाल्याचा उतार संपला, पूल गेला, चढ लागला. समोरचा उजेड आधी पिवळा झाला, मग तांबूस, मग दिव्यातली तार नुसती लाल दिसली आणि विझली. डायनॅमो असाच असतो. चाक थांबलं की दिवा गेला, मागे काही उरत नाही. बाबांनी पाय टेकला होता. मागून सायकली एकमेकींवर आदळल्या, कोणाचा डबा वाजत नाल्यात गेला. "बैल आला का? बैल आहे का समोर?" असा एकच गलका. कोणीतरी काडी ओढली. बाबा पुलाच्या कठड्यापर्यंत मागे येऊन बसले होते. एवढ्या थंडीत कपाळावरून घाम गळत होता, आणि ते म्हणत होते, "काई नाई, काई नाई. चला, शिफ्टचा टाइम होते."

दुसऱ्या एकानं आपला दिवा लावला आणि बाबांना मागे बसवून वरठीला दवाखान्यात नेलं. माझी गाडी गेली, हे मला दुपारी आठवलं. डॉक्टर म्हणाले, छाती कमजोर झाली आहे. महिनाभर झोपून राहायचं, मग हलकं काम, आणि सायकल मारायची नाही ती नाहीच.

घरी येताच माय म्हणाली, "झालं शिक्षन." ती ओरडली नाही, तेच जास्त लागलं. माझी प्रॅक्टिकलची परीक्षा तोंडावर होती. रांगेतले काका म्हणाले, आम्ही बसवून नेतो पोरीला. पण रोज परक्या माणसाच्या मागे बसून तरणी पोरगी जाते, हे गावात चाललं नसतं, आणि मायला तर मुळीच नाही. मी वह्या फळीवर ठेवून दिल्या. जाऊ दे म्हटलं. खोटं कशाला सांगू, त्या दोन दिवसांत मला बाबांचा रागही आला. एवढी मिजास कशाला करायची होती?

तिसऱ्या दिवशी बाबा खाटेवरून म्हणाले, "वह्या कायले वर ठेवल्या?"

"कोण नेणार मले?"

"सायकल उभी आहे ना. तिले काय झालं?"

मायनं हातातला पाण्याचा गडवा दाणकन ठेवला. "पोरगी सायकल चालवीन? दांड्याची? लोक काय म्हनतीन?"

"म्हनतीन दोन दिवस," बाबा म्हणाले. "मंग थकतीन."

खळ्यावर मळणी होऊन जागा मोकळी झाली होती. तिथे मी शिकले. आधी कैची, म्हणजे दांड्याखालून पाय घालून, वाकडीतिकडी. जडत्वाचा नियम मला गुडघ्यावर लिहून मिळाला: सायकल थांबते, माणूस थांबत नाही. शेजारची आजी धानाच्या तणसाच्या ढिगावर बसून पाहायची आणि म्हणायची, "पड, पड. पडल्याबिगर येत नाई." तिचंच सगळ्यांत बरोबर होतं. आठवड्यानं मी दांड्यावरून पाय टाकून सीटवर बसले, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून. गावानं तोंडं वाजवली, आणि बाबा म्हणाले तशी थकली.

मी रांगेत जाऊ लागले. काकांनी मला मधोमध घेतलं. नंबर पुन्हा सुरू झाले होते, पण माझा नंबर कोणी काढत नव्हतं. परीक्षा झाली. मग एक दिवस डॉक्टरांनी बाबांना कामावर जायची परवानगी दिली, बसून करायच्या कामाची. त्या पहाटे मी सायकल बाहेर काढली आणि बाबा कॅरिअरवर बसले. एवढ्या उंच माणसाचे पाय जमिनीला लागत होते. माय दारात उभी राहून पाहत होती; ती हसली, की रडली, अंधारात मला दिसलं नाही.

वडाखाली पोचलो. कोणीतरी विचारलं, "आज नंबर कोनाचा?"

कोणी बोलायच्या आत बाबा मागून म्हणाले, "आमचा."

"राहू द्या ना भाऊ. पोरगी आहे, अन् तुमी मांगं बसले."

"आमचा कधीचा राहिला आहे," बाबा म्हणाले. मग मला, हळूच, "काढ पुढं." आणि त्यांनी हात खाली घालून डायनॅमो टायरला लावला. खट्ट.

मी पायडल मारलं आणि तो भार मला कळला. परीक्षेत मी त्यावर पूर्ण गुण घेतले होते, पण मांडीत तो तेव्हाच पहिल्यांदा कळला: मागून कोणी ओढणी धरून ठेवल्यासारखा. समोर धुक्यात उजेड पडला, स्वच्छ, पांढरा. मी "खड्डा!" म्हटलं आणि माझा खड्डा मागे मागे जात राहिला. नाल्याच्या उताराला मी ब्रेक धरला, कारण पुढे मीच होते. पूल गेला. चढ लागला. निम्म्यावर माझा दम तुटायला लागला. दिवा पिवळा होऊ लागला, तशी मी सीटवरून उठून पायडलवर उभी राहिले, तरी पिवळाच. सीटवर टेकले तेव्हा बाबांचा कान माझ्या पाठीला लागलेला मला जाणवला.

"काढू का?" त्यांनी विचारलं.

"राहू द्या बाबा," मी म्हटलं. "मांगचे लोक येऊन राहिले."